रायबाचा उजवा पाय

सोलापुरात दर सोमवारी मंगळवेढ्याच्या रस्त्याला जत्रा भरायची. गिरणीची पाळी संपवून तसेच आलेले कामगार, हातमागवाल्या घरांतल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका, अक्कलकोटहून एसटीनं आलेली कानडी मंडळी, टांग्यातून उतरलेले वकील, सगळे हिंदुराव खटक्यांच्या तबेल्यापुढं लिंबाच्या सावलीत चपला काढून बसायचे. चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं. घोड्यापुढं चपला काढाव्यात असं पहिल्या दिवशी एकाला वाटलं, आणि बाकीच्यांना वाटायला तेवढं पुरलं.

ऊन चढलं की हिंदुराव घोडा बाहेर आणत. घोड्याचं कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी होतं, सोलापूरकरांनी त्याचा रायबा करून टाकला होता. ज्याला कौल घ्यायचा असेल त्यानं पुढं यायचं, हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न विचारायचा. मग लिंबावरचा कावळासुद्धा गप्प बसतोय असं वाटायचं. रायबानं पुढचा उजवा पाय उचलला तर होकार, डावा उचलला तर नकार. गावोगावचे गुरव देवाला फुलं लावून उजवा-डावा कौल घेतात, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की हा देव चंदी खायचा आणि लीद टाकायचा.

या गर्दीची एक गंमत होती. दारात नंदीबैलवाला आला की हीच माणसं हसायची. पाऊस पडंल का म्हटल्यावर नंदीनं मान हलवली की शेंबडं पोरही मालकाच्या हातातल्या दोरीकडं बोट दाखवायचं. रायबाला मात्र दोरी नव्हती, गुबुगुबु वाजणारं ढोलकं नव्हतं, आणि शेजारी उभा असलेला माणूस फाटक्या अंगरख्यातला नव्हता. तो हिंदुराव होता.

हिंदुराव मंगळवेढ्याकडचेच. मिसरूड फुटायच्या आत पुण्याला जाऊन रेसच्या घोड्यांचे मोतद्दार झाले, खरारा करता करता घोडी तयार करणारे मोठे ट्रेनर झाले. डोक्यावर फेल्टची हॅट, काखेत छोटी छडी, असा त्यांचा फोटो पेपरात यायचा. रेसच्या आधी ते घोड्याच्या कानात मंत्र सांगतात असं पेपरांनी छापलं होतं. घोडा मुद्दाम मागं ठेव म्हणून सांगायला आलेल्या शेटला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं अशी एक कथा होती, आणि त्यांनी हात फिरवला की लंगडा घोडा पळायला लागतो अशी दुसरी. यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती हे बघायला पुण्याला कोण जातंय. म्हातारपणी ते सोलापूरला येऊन राहिले, सोबत हा एक थकलेला घोडा. कौलासाठी ते छदामही घेत नसत, नारळसुद्धा परत करत. पैसे न घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सोलापूरकरांचं साधं गणित होतं.

चनबसप्पाला हे गणित पटत नसे. तो एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, आणि माणूस फक्त पैशासाठीच खोटं बोलतो यावर त्याचा विश्वास नव्हता. पण रायबाच्या नादी लागायला त्याला वेळ नव्हता. लोकांना गंमत वाटतेय, बघू देत, असं तो म्हणायचा. ते कुत्रं बाजारात आलं नसतं तर पुढंही तो तेच म्हणत राहिला असता.

चनबसप्पाच्या थोरल्या बहिणीचं, पार्वतम्माचं, घर बाजारात होतं. तिचा नवरा संगप्पा ज्वारीचा व्यापारी. मंगळवेढ्याची मालदांडी त्याच्याकडं मिळायची. दुकानाच्या पायरीशी दगडाबाई नावाची बाई भाजी विकायला बसायची. एके दिवशी तोंडातून लाळ गळणारं कुत्रं आलं आणि दगडाबाईच्या पोटरीला चावलं. संगप्पा दांडकं घेऊन धावला, तर कुत्र्यानं त्याचाही हात फोडला. लोकांनी कुत्रं तिथंच मारलं. संगप्पानं जखमेत मिरचीपूड भरली आणि गल्ल्यावर जाऊन बसला.

चनबसप्पा शाळेतून तसाच आला आणि दोघांनाही एकाच वेळी, त्याच पायरीवर, एकच गोष्ट सांगितली. कुत्रं पिसाळलेलं होतं, सरकारी दवाखान्यात पोटात सुया मिळतात, आजच सुरू करा. दगडाबाईनं उरलेली मेथी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "मी मेल्यावर भाजी कोन इकनार? चल दाव कुटं हाय दवाखाना." संगप्पा नुसता हसला.

त्या हसण्यामागं काय होतं ते पार्वतम्माला ठाऊक होतं. ज्वारीचं पोतं एकटा पाठीवर घेणारा हा गडी सुईला भ्यायचा. लग्न झाल्यावर एकदा देवी टोचणारा माणूस गल्लीत आला, तर संगप्पा माळ्यावर चढून बसला होता. आणि इथं पोटात, एक-दोन नव्हे, चौदा सुया. पण भितोय असं बायकोच्या भावापुढं कसं म्हणायचं? म्हणून त्यानं सांगितलं, सोमवारी रायबाला विचारतो, मग बघू.

सोमवारी चनबसप्पा गर्दीत मागं उभा राहिला. संगप्पा पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातावर ठेवून पुढं गेला आणि त्यानं विचारलं, "सुया न घेता मी बरा हुईन का?"

हिंदुरावांनी त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं. रायबानं उजवा पाय उचलला.

संगप्पा लहान मुलासारखा हसला. माणसं त्याच्या पाठीवर थापा मारायला लागली. चनबसप्पाला त्या प्रश्नाची भीती वाटली. सुया घेऊ का असं संगप्पानं विचारलंच नव्हतं. ज्याचा त्याचा प्रश्न असाच असतो, हे आता त्याच्या ध्यानात आलं. पोरगी चांगल्या घरी पडंल ना, खटला आपल्या बाजूनं लागंल ना, आजार उतरंल ना. हवं ते उत्तर उजव्या पायाला बांधूनच माणूस इथं येत होता. मास्तरच्या नजरेत आणखी एक गोष्ट आली. घोडा विचारणाऱ्याकडं ढुंकून बघत नव्हता. त्याचा कान आणि डोळा सारखा हिंदुरावांकडं लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तबेल्यावर गेला. हिंदुराव अंगात बंडी घालून रायबाचे खूर साफ करत होते. उजव्या पायाकडं वाकायला त्यांनी उजवा खांदा खाली घेतला मात्र, हात लागायच्या आत घोड्यानं पाय वर केला. डाव्या बाजूला आले, डावा खांदा पडला, डावा पाय आपसूक वर. चनबसप्पा खांबाला टेकून बघत राहिला. मग म्हणाला, "मालक, सोमवारी हेच होतंय ना?"

हिंदुरावांनी नाकारलं नाही. हातातला लोखंडी आकडा खाली ठेवून ते चंदीच्या पेटीवर बसले. मग बोलायला लागले. पहिल्यांदा शेजारच्या एका म्हातारीनं थट्टेत घोड्याला काहीतरी विचारलं, घोड्यानं पाय उचलला, आणि त्यांना स्वतःलाही नवल वाटलं होतं. पुढं त्यांच्या लक्षात आलं. माणसाच्या तोंडाकडं बघितलं की त्याला काय ऐकायचंय ते कळतं, आणि मग जरासा खांदा पडतो. माणसांना दिसत नाही एवढासा. पण घोड्याला सगळं दिसतं, जन्मभर त्यानं दुसरं काही बघितलेलंच नाही.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू मास्तर? पुण्यात रेसच्या टायमाला मी घोड्याच्या कानात काय बोलायचो, ठाव हाय? काय बी न्हाय. माश्या हाकलायचो. पेपरवाल्यानं मंत्र छापला. मी त्याला बोलावून सांगितलं, मंत्र-बिंत्र काय न्हाय बाबा. तर दुसऱ्या दिवशी त्यानं छापलं, हिंदुराव लई विनयशील हाईत."

चनबसप्पाला हसू आलं आणि त्याच वेळी हा माणूस त्याला आवडेनासा झाला. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला पकडता येतं. हा भला माणूस होता. त्याला लोकांचं प्रेम हवं होतं आणि कुणाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. पेपरातल्या त्या हॅटवाल्याशी त्याचं काही नातं नव्हतं, पण म्हातारपणी एकटं पडल्यावर त्यानं त्या हॅटवाल्याला घरात घेतलं होतं.

चनबसप्पानं मग आयुष्यात कधी केली नसती अशी विनंती केली. संगप्पा पुन्हा येईल, तेव्हा डावा खांदा पाडा, त्याला सुया घ्यायला लावा. हिंदुराव लगेच कबूल झाले. विज्ञानाच्या मास्तरानं घोड्याचा कौल मागायचा, ही नामुष्की होती. पण दाजीच्या जिवापुढं तिची किंमत करायची ही वेळ नव्हती.

पण संगप्पा पुन्हा विचारायला तयार होईना. एकदा कौल मिळाला की तीच गोष्ट देवाला दुसऱ्यांदा विचारायची नसते, हे या मुलखातलं लेकरूही जाणतं. पुन्हा विचारणं म्हणजे पहिल्या कौलावर अविश्वास दाखवणं. पार्वतम्मानंही भावाला तेच सांगितलं. चनबसप्पानं डॉक्टरांना दुकानावर आणलं, संगप्पानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पायरीवर दगडाबाई बसलेली असायची. पोट सुजल्यामुळं तिला वाकून भाजी निवडता येत नव्हती आणि ती दवाखान्याला, मास्तरला, मेलेल्या कुत्र्याला शिव्या घालत होती. तिच्याकडं बघून संगप्पाला आपला कौल आणखीच गोड लागायचा.

आता एकच वाट राहिली होती. घोड्याचं गुपित चारचौघांत उघडं करायचं. हिंदुरावांनी त्यालाही मान डोलावली, आणि पुढच्या सोमवारी चनबसप्पा दोन टोपल्या आणि एक नारळ घेऊन तबेल्यावर गेला. दगडाबाईलाही त्यानं बरोबर घेतलं होतं.

खेळ सरळ होता. दोन टोपल्या उपड्या, एकीखाली नारळ. उजवीखाली असला तर रायबानं उजवा पाय उचलावा, डावीखाली असला तर डावा. पहिल्यांदा हिंदुरावांच्या डोळ्यांदेखत नारळ ठेवला. रायबानं बरोबर सांगितलं. पुन्हा ठेवला, पुन्हा बरोबर. माणसांनी मास्तरकडं कीव केल्यासारखं बघितलं.

मग चनबसप्पानं हिंदुरावांना, स्वतःला आणि सगळ्या गर्दीला पाठ फिरवायला लावली. दगडाबाईनं एकटीनं नारळ लपवला आणि ती भिंतीपलीकडं जाऊन बसली. आता नारळ कुठं आहे हे अंगणातल्या कुणालाच माहीत नव्हतं. रायबानं डावा पाय उचलला. उजवी टोपली उचलली, तिच्याखाली नारळ. पुन्हा केलं, रायबानं उजवा उचलला आणि तो बरोबर निघाला. बोलाफुलाला गाठ पडायचीच. पण पुढच्या दोन्ही खेपा चुकल्या, आणि मग तर घोडा नुसता उभा राहिला. शेवटी गर्दीतल्या दोघांनी हिंदुराव आणि रायबाच्या मध्ये घोंगडं धरलं. कुणी काही विचारलं तरी रायबा मान लांब करून घोंगड्यापलीकडं मालकाला शोधत होता. ते बघवत नव्हतं.

घोंगडं काढलं. हिंदुरावांनी हॅट काढून खाली ठेवली. टक्कल पडलेलं, साधं, खेड्यातलं डोकं. तिथल्या पुष्कळांनी ते पहिल्यांदाच बघितलं.

"बघा," ते म्हणाले, "आता कुणी काय बी इच्यारलेलं न्हाय." त्यांनी उजवा खांदा सगळ्यांना दिसेल असा पाडला, रायबानं उजवा पाय उचलला. डावा पाडला, डावा उचलला. "खूर साफ करताना लागलेली सवय हाय ही. कौल मी देत होतो, आनि मला कशातलं काय कळत न्हाय. संगप्पा, मी तुमच्या तोंडाकडं बघितलं, तुमाला सुया नको होत्या. म्हनून माझा खांदा पडला आनि यानं पाय उचलला. दवाखान्यात जावा."

 चनबसप्पाला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, केवढा मोठा माणूस, सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय. दुसरा म्हणाला, परीक्षा बघितली म्हणून रायबानं मौन धरलं. तिसऱ्यानं तर कारणच शोधून काढलं, नारळ लपवायला भाजीवाली कशाला आणली होती, देवाला ते चाललं नाही. आणि मग ते कुजबुजणं अंगणभर पसरलं आणि थोड्या वेळात सगळ्यांना सगळं पुन्हा पटलं.

संगप्पा पुढं आला. त्यानं हिंदुरावांचे पाय धरले. "मालक, माझी निष्ठा बगताय व्हय? मी ढळनार न्हाय."

हिंदुरावांनी त्याला उठवलं, त्याचे दंड धरून हलवलं, रडले, शपथा घातल्या. ते जितकं विनवत होते तितका संगप्पाचा चेहरा उजळत होता. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्यासाठी एवढी कठीण परीक्षा मांडली आणि आपण तिला उतरलो, याचा त्याला अभिमान वाटत होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं असतं. घडा फुटका नसतो, त्याला पालथं राहण्यात सुख असतं.

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. काही आठवडे संगप्पा धडधाकट हिंडला आणि भेटेल त्याला रायबाचा महिमा सांगत राहिला. मग भरून आलेल्या जखमेत मुंग्या यायला लागल्या. मिरचीचा गुण, तो म्हणाला. एके दुपारी जेवताना त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि त्याचा गळा आवळला. पाणी समोर आणलं की अंग थरथरायचं, वाऱ्याची झुळूक आली तरी तो कळवळायचा. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चनबसप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषध नाही. तेव्हा होतं.

मध्ये एकदा संगप्पा शुद्धीवर होता. त्यानं चनबसप्पाचं मनगट धरलं.

"मास्तर, सुया द्यायला सांग. चौदा न्हाय, चाळीस दे म्हन. मी भेनार न्हाय."

चनबसप्पानं हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं समोरच्याच्या तोंडाकडं बघून त्याला हवं ते उत्तर दिलं. हिंदुरावांच्या खांद्यात काय होत असेल ते त्याला त्या घटकेला कळलं, आणि त्यांची आणखीच चीड आली.

संगप्पाच्या मातीहून परतल्यावर पार्वतम्मा भिंतीला टेकून बसली होती. भाऊ जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "चन्ना, तू रायबाची परीक्षा बघितलीस. तिथंच कौल उलटला."

"अक्का, दगडाबाईला तेच कुत्रं चावलं होतं. तिनं सुया घेतल्या. ती पायरीवर बसलीय बघ."

"तिचं आयुष्य होतं," पार्वतम्मा म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

हिंदुरावांनी रायबाला पुण्याकडं एका ओळखीच्या माणसाकडं धाडून दिलं आणि फाटकाला कुलूप घातलं. त्याचा उपयोग झाला नाही. घोडा एका सोमवारी आपल्या पायानं निघून गेला अशी कथा तयार झाली, आणि माणसं कुलपालाच हळद-कुंकू लावायला लागली. आत म्हातारा खोकत असायचा. पुढच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्याच्या बाजारात फोटो विकायला आले. हॅट घातलेले हिंदुराव, शेजारी उजवा पाय उचललेला रायबा. त्यातला एक पार्वतम्मानं आणला आणि दुकानात संगप्पाच्या फोटोशेजारी लावला. रोज सकाळी ती दोघांना सारखेच हार घालते. खाली पायरीवर दगडाबाई मेथीच्या जुड्या बांधत असते. येणारी-जाणारी माणसं फोटोला हात जोडतात. दगडाबाईकडं कुणी बघत नाही. खरा पुरावा तिथं बसून भाजी विकतोय.

चनबसप्पा दरवर्षी नव्या वर्गाला दोन टोपल्या आणि नारळाचा प्रयोग करून दाखवतो. उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याला आधी बाजूला करा आणि मग चमत्काराला विचारा, असं सांगतो. कळलं का, असं त्यानं विचारलं की सगळा वर्ग एकदम मान हलवतो. तेव्हा त्याला नंदीबैल आठवतो आणि तो खडू खाली ठेवतो.

तरीही सांगायचं ते सांगितलं पाहिजे. चमत्कार करणारा पैसे घेत नाही, स्वभावानं भला आहे, त्याचं नाव पेपरात येतं, यातली एकही गोष्ट चमत्कार खरा असल्याचा पुरावा नव्हे. आणि पिसाळलेलं कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घोड्याचा कौल घ्यायचाच असेल तर शेवटची सुई घेऊन झाल्यावर घ्या. मग त्यानं कुठलाही पाय उचलला तरी चालेल.